फेरफाराची नोंद : घरच्या संगणकावरील कौटुंबिक छायाचित्रांचे संपादन आणि खानदेश

मराठीत 'संपादन' हा एकच शब्द दोन दूरच्या व्यवहारांसाठी रूढ झाला आहे. जुन्या पोथीची अथवा पत्राची संहिता चिकित्सेने सिद्ध करणे हे संपादन होय. आणि घरच्या संगणकावर आजोबांच्या छायाचित्रावरील डाग पुसणे, कडा कापणे, रंग उजळणे हेही संगणकाच्या परिभाषेत संपादनच होय. पहिल्या व्यवहारामागे नियमांची व वादांची दीर्घ परंपरा आहे. दुसऱ्याकडे सुटीच्या दिवशीची हौस म्हणूनच पाहिले जाते. वस्तुतः सर्वसामान्य कुटुंबाच्या इतिहासाचे जे थोडेफार साधन शिल्लक असते, त्यावर अखेरचा हात याच हौसेचा फिरतो. म्हणून तिची समीक्षा आवश्यक ठरते.

खानदेशात या प्रश्नाचा विचार करण्यास एक विशेष सोय आहे. संपादनाच्या दोन्ही अर्थांचे थोर प्रतिनिधी याच प्रदेशाशी बांधलेले आहेत. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी १९२६ मध्ये धुळ्यात देह ठेवला आणि त्यांच्या संग्रहाच्या जतनासाठी १९२७ मध्ये तेथे त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ उभे राहिले. जळगाव जिल्ह्यातील चाळीसगावी केकी मूस यांनी छायाचित्रकलेची एकांत साधना केली. एकाचे साध्य दस्तऐवज, दुसऱ्याचे चित्र. कौटुंबिक छायाचित्र हे एकाच वेळी दस्तऐवजही असते आणि चित्रही. मात्र घरचा संगणक त्याला केवळ चित्र मानून वागवतो, आणि त्यातून होणारी हानी डागांच्या हानीपेक्षा मोठी असते, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

चाळीसगावची परंपरा

२००० नंतरच्या पहिल्या दशकात जळगाव-धुळ्यातील नोकरदार व व्यापारी घरांत संगणक आला, तो बहुधा मुलांच्या शिक्षणाचे कारण पुढे करून. पाठोपाठ स्कॅनर आला किंवा शेजारच्या दुकानातून छायाचित्रे स्कॅन करून सीडीवर आणण्याची सोय झाली. ट्रंकेतील पाकिटे उघडली गेली. भिंतीवरच्या तसबिरी खाली उतरल्या. काचेला चिकटलेली छायाचित्रे सोडवताना काहींचे चेहरेही काचेवरच राहिले. संगणकाने प्रथमच कुटुंबातील व्यक्तीच्या हाती ते काम दिले, जे तोपर्यंत स्टुडिओतील कारागिराचे होते.

हा कारागीर प्रामाणिक नोंद करणारा होता, असे मानण्याचे कारण नाही. काचेच्या वा फिल्मच्या निगेटिव्हवर बारीक टोकाच्या पेन्सिलीने सुरकुत्या भरून काढणे, कृष्णधवल प्रतीवर हाताने रंग देणे, निरनिराळ्या वेळी काढलेल्या दोन व्यक्तींना एका चौकटीत शेजारी बसवणे ही स्टुडिओची नित्याची कामे होती. ख्रिस्तोफर पिनी या मानववंशशास्त्रज्ञाने 'कॅमेरा इंडिका' (१९९७) या ग्रंथात माळव्यातील नागदा येथील स्टुडिओंचा अभ्यास मांडला आहे. तेथील गिऱ्हाइकाला स्वतःच्या हुबेहूब नोंदीपेक्षा स्वतःचे इच्छित रूप हवे असते आणि स्टुडिओ ते जोडकामातून व पडद्यांतून पुरवतो, असे त्यातून दिसते. खानदेशातील जुन्या घरांच्या भिंती पाहिलेल्यास हे निरीक्षण परके वाटणार नाही. तेव्हा संगणकाने छायाचित्राला खोटे बोलायला शिकवले, हा सरसकट आरोप टिकत नाही.

केकी मूस (१९१२–१९८९) यांचे उदाहरण तर याहून पुढचे आहे. मुंबईच्या पारशी कुटुंबात जन्मलेल्या या कलावंताने आयुष्याची सुमारे पाच दशके चाळीसगावच्या घरात जवळजवळ बंदिस्त राहून काढली. घराला त्यांनी रेंब्राँ या डच चित्रकाराचे नाव दिले होते. आज ते घर त्यांच्या कृतींचे संग्रहालय आहे. टेबलटॉप छायाचित्रण हा त्यांच्या कर्तृत्वाचा विशेष. टेबलावर लहानसहान वस्तूंची मांडणी करून, प्रकाशाची योजना करून त्यातून विस्तीर्ण निसर्गदृश्याचा भास निर्माण करावयाचा, हे त्याचे तंत्र. घराबाहेर न पडणाऱ्या माणसाने खोलीतच क्षितिज घडवावे, यातील करुणा व विनोद दोन्ही लक्षणीय आहेत. परंतु येथे फसवणूक होत नाही. कृतीवर कर्त्याची मुद्रा असते, तिचा प्रकार सांगितलेला असतो आणि भास कसा साधला हे जाणून घेण्यातच रसिकाचा अर्धा आनंद असतो. मूस यांचे दृश्य खरे नाही हे कळल्याने त्याचे मूल्य कमी होत नाही, उलट वाढते.

घरच्या संगणकावरील संपादनाला ही मुद्रा नसते. ते कोणी केले, केव्हा केले, काय बदलले हे सुधारलेल्या प्रतीवर कोठेही उमटत नाही. स्टुडिओच्या कामातही मुद्रा क्वचितच असे, पण तेथे एक भौतिक हमी होती. पेन्सिलीचे व रंगाचे काम डोळ्यांना दिसत असे. निगेटिव्ह स्टुडिओकडे राहत असे. सुधारण्यास दिलेली मूळ प्रत नव्या प्रतीसोबत घरी परत येत असे. संगणकावर मात्र 'सेव्ह' ही एकच आज्ञा दिली की सुधारलेली फाइल मूळ फाइलच्या जागी, तिच्याच नावाने जाऊन बसते. बदल करणे पूर्वीही शक्य होते. बदल झाल्याची खूणच नाहीशी करणे इतके सोपे पूर्वी कधी नव्हते.

काय पुसले जाते

घरगुती संपादनाच्या क्रिया वरवर निरुपद्रवी दिसतात. त्या एकेक करून वाचाव्या लागतात, कारण सर्वांचा न्याय एकच नाही.

रंग परत आणणे ही त्यांतील सर्वांत समर्थनीय क्रिया. १९७० च्या दशकातील अनेक रंगीत प्रती आज तांबूस-किरमिजी दिसतात, कारण प्रतीतील निरनिराळे रंगद्रव्य सारख्या वेगाने फिकट होत नाही. हिरवे लुगडे तपकिरी झालेले असते. अशा प्रतीचा तोल सुधारणे म्हणजे काळाने केलेला फेरफार मागे घेणे होय. धुळीचे ठिपके काढणे हेही त्याच जातीचे.

कडा कापण्यापाशी प्रश्न सुरू होतो. दातेरी कडांच्या प्रती विसाव्या शतकाच्या मध्यास रूढ होत्या. पुढे त्या मागे पडल्या. पुठ्ठ्याच्या कोपऱ्यात दाबून उमटवलेले स्टुडिओचे व गावाचे नाव, मागील शाईचे पुढे उमटलेले अक्षर, अल्बमच्या कोपऱ्यांनी पाडलेले त्रिकोणी डाग ही सर्व काल व स्थल ठरवण्याची साधने आहेत. छायाचित्र 'स्वच्छ' करणारा तरुण पहिल्यांदा नेमके तेच काढून टाकतो. चेहरा उरतो, परंतु तो चेहरा अमळनेरचा की दोंडाईच्याचा, लग्नाच्या आधीचा की नंतरचा, हे सांगणारा साक्षीदार निघून जातो.

कापण्याचा याहून गंभीर प्रकार म्हणजे समूहातून एक चेहरा वेगळा काढणे. जुन्या शेतकरी घरांत अनेक स्त्रियांचे स्वतंत्र छायाचित्र काढलेच गेले नाही. त्या आढळतात त्या एखाद्या लग्नाच्या समूहचित्राच्या काठावर, पदर पुढे ओढून, अर्ध्या झाकलेल्या. मृत्यूनंतर भिंतीवर लावण्यासाठी तसबीर हवी असते तेव्हा त्या काठावरून चेहरा उचलला जातो, मोठा केला जातो, मागे आकाशी रंग भरला जातो. खांद्यावर कोणाचा तरी हात असतो, तो पुसावा लागतो. कडेवरच्या मुलाचे डोके कापावे लागते. तयार होणारी तसबीर आदराने केलेली असते, आणि घराला ती हवीच असते. पण त्या बाईचे घरातील स्थान कोणते होते, ती कोणाजवळ उभी राहत असे, कोणाचे मूल तिच्या कडेवर असे, ही तिच्याविषयीची एकमेव दृश्य साक्ष त्या आदरानेच नष्ट केलेली असते. मूळ समूहचित्र सुरक्षित असेल तर काहीच बिघडत नाही. सर्व काही त्या 'असेल तर' वर अवलंबून आहे. पुढे कुटुंबातील मोडलेल्या सोयरिकी, दुरावलेले जावई, बोलणे बंद झालेले भाऊ यांनाही हीच कात्री लागते. त्याविषयी अधिक सांगण्याची गरज नाही, प्रत्येक घराला ते ठाऊक असते.

तिसरी क्रिया उजळण्याची. संगणकावरील स्वयंचलित सुधारणेचे कळ दाबण्याचे तंत्र साधारणतः असे चालते : चित्रातील सर्वांत गडद बिंदूला काळा व सर्वांत उजळ बिंदूला पांढरा मानून मधल्या छटा ताणल्या जातात. या गणिताला चित्रात कोण महत्त्वाचे आहे हे ठाऊक नसते. चुन्याने रंगवलेल्या पांढऱ्या भिंतीपुढे उन्हात उभे असलेले शेतकरी जोडपे त्याच्या हवाली केले, तर भिंत झगझगीत होते आणि गडद नऊवारीच्या निऱ्या एका काळ्या ठोकळ्यात मिसळून जातात. मग चेहरा वेगळा उजळला जातो. कपाशीच्या शेतात आयुष्य काढलेल्या माणसाचा रापलेला वर्ण हा छायाचित्रातील दोष नव्हता, पण घरगुती संपादक त्याला दोष समजतो. येथे तंत्राचा नव्हे, रुचीचा व सामाजिक संकोचाचा प्रश्न आहे, आणि संगणकाने त्या संकोचाला फक्त हत्यार पुरवले आहे.

अलीकडच्या काळात या क्रियेने नवे रूप धारण केले आहे. अस्पष्ट चेहरा स्पष्ट करणाऱ्या आज्ञावली हरपलेला तपशील शोधून काढत नाहीत, कारण तो प्रतीत नसतोच. असंख्य इतर चेहऱ्यांवरून शिकलेल्या पापण्या, बुबुळे, दात त्या तेथे भरतात. २०२१ मध्ये मायहेरिटेज या वंशावळीविषयक कंपनीने जुन्या छायाचित्रातील चेहरा मान वळवून हसताना दाखवणारी सोय उपलब्ध करून दिली, तेव्हा अनेकांना गहिवरून आले. तो गहिवर खरा होता. परंतु हसू मात्र पणजीचे नव्हते. स्टुडिओचा कारागीर निदान समोरच्याच चेहऱ्यावर पेन्सिल चालवत असे.

बखर आणि पत्र

राजवाड्यांकडे वळण्याचे प्रयोजन येथे स्पष्ट होते. 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड १८९८ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे तिचे बावीस खंड झाले. त्यांतील सामग्री मुख्यतः खाजगी घरांच्या दप्तरांतून आलेली आहे. राजवाडे गावोगाव हिंडले ते लोकांच्या माळ्यांवरील रुमाल सोडवण्यासाठी. पहिल्या खंडाच्या प्रस्तावनेत त्यांनी बखरींची कठोर चिकित्सा केली आणि त्या त्या वेळी लिहिल्या गेलेल्या पत्रांना बखरींपेक्षा वरचे प्रामाण्य दिले. बखर मागाहून लिहिलेली असते, ती घराण्याचे भूषण सांगते, तिच्यात घटना नीटनेटक्या रचलेल्या असतात. पत्र अपुरे असते, त्यात संदर्भ गृहीत धरलेले असतात, अक्षर लागत नाही. पण ते त्या दिवसाचे असते.

कौटुंबिक छायाचित्राची मूळ प्रत हे पत्र होय, आणि घरच्या संगणकावर सुधारलेली प्रत ही बखर. ही तुलना सुधारलेल्या प्रतीला हीन ठरवण्यासाठी नाही. बखरींचे वाङ्मयीन मोल मराठी समीक्षेने केव्हाच मान्य केले आहे, आणि बखर हे बखर लिहिणाऱ्या काळाचे उत्तम साधन असते. त्याचप्रमाणे २००५ च्या सुमारास उजळलेले, मागे बर्फाच्छादित पर्वत घातलेले आजी-आजोबांचे चित्र हे २००५ मधील नातवंडांच्या आकांक्षांचे विश्वसनीय साधन आहे. आजी-आजोबांचे मात्र ते नाही. गोंधळ होतो तो बखरीला पत्र म्हणून पुढे केल्याने.

राजवाड्यांचे उदाहरण येथे पूर्णपणे सोयीचे मात्र नाही, आणि ते लपवणे उचित होणार नाही. त्यांना सापडलेल्या जुन्या पोथीवरून सिद्ध केलेली ज्ञानेश्वरी त्यांनी १९०९ मध्ये प्रसिद्ध केली. ती मूळ पोथी पुढील अभ्यासकांना पडताळणीसाठी उपलब्ध राहिली नाही. परिणामी त्या संहितेविषयीची चर्चा छापील पाठाच्याच आधारे करावी लागली. संपादकाने काय वाचले हे कळते, पोथीत काय होते हे पुन्हा पाहता येत नाही. साधनांच्या प्रामाण्याविषयी इतका दक्ष असलेल्या विद्वानाच्या बाबतीतही मूळ हरपताच संपादनावर केवळ विश्वास ठेवणे उरते. घरच्या संगणकापुढे बसलेल्या नवख्याकडून अधिक अपेक्षा करता येणार नाही, हे खरे. पण अपेक्षा कोणती ठेवावी हे यातून ठरते.

ही अपेक्षा ग्रामीण समाजाला अपरिचितही नाही. शेतजमिनीच्या सातबाऱ्यावर वारस लागला, वाटणी झाली, बोजा चढला की त्याची नोंद आधी फेरफार नोंदवहीत, म्हणजे गाव नमुना सहामध्ये होते, तिला क्रमांक मिळतो आणि तो क्रमांक उताऱ्यावर येतो. उताऱ्यावर आज कोणाचे नाव आहे याइतकेच ते कोणत्या फेरफाराने लागले याला महत्त्व असते. बांधावरून भांडणारा खानदेशी शेतकरी हे कोणत्याही ग्रंथपालाहून चांगले जाणतो. तोच शेतकरी आपल्या बापाच्या एकमेव छायाचित्रात झालेल्या फेरफाराची नोंद मागत नाही. सातबाऱ्याला किंमत आहे आणि छायाचित्राला केवळ भावना आहे, असे त्यास शिकवले गेले आहे.

गंमत अशी की संगणकाच्या एका लोकप्रिय आज्ञावलीत ही फेरफार नोंदवही प्रत्यक्ष होती. गूगलने २००४ मध्ये घेतलेली व विनामूल्य वाटलेली पिकासा ही आज्ञावली घरगुती वापरकर्त्यांत विशेष रूढ झाली. तिच्यात केलेला बदल मूळ छायाचित्रावर लगेच होत नसे. काय कापले, किती उजळले याच्या सूचना त्याच फोल्डरमधील एका छोट्या मजकूर-फाइलमध्ये लिहिल्या जात. आणि बदल कायम केल्यास मूळ प्रत एका लपलेल्या फोल्डरमध्ये जपली जाई. हे राजवाड्यांना पसंत पडावे असे संपादन होते. परंतु वापरणाऱ्यास त्याचा पत्ता नसे. संगणक बदलताना त्याने फक्त दिसणारी छायाचित्रे सीडीवर उतरवली. लपलेली मुळे जुन्या हार्ड डिस्कसोबत भंगारात गेली. २०१६ मध्ये गूगलने पिकासाची सेवा थांबवली. बदलांच्या ज्या नोंदी उरल्या, त्या वाचणारी आज्ञावली वापरातून गेली.

नाव आणि नाते

रोलाँ बार्त यांनी छायाचित्रावरील आपल्या १९८० च्या ग्रंथात आईच्या बालपणीच्या ज्या छायाचित्रावर सर्वाधिक लिहिले, ते छायाचित्र मात्र छापले नाही. परक्या वाचकाला ते हजारांतील एक वाटेल, असे त्यांचे म्हणणे. कौटुंबिक छायाचित्राचा अर्थ चित्रात पूर्णपणे नसतो. तो ओळखणाऱ्या माणसात असतो. तो माणूस गेला की अर्थ टिकवण्याचा एकच उपाय उरतो : लिहिलेले नाव.

संगणकाने नेमके येथे दुबळेपण दाखवले. मागील बाजूस लिहिण्याची सोय असलेली वस्तू त्याने मागील बाजूच नसलेल्या वस्तूत रूपांतरित केली. स्कॅन केलेल्या फाइलवर जी तारीख पडते ती स्कॅन केल्याची. १९६२ मधील लग्न संगणकाच्या क्रमवारीत २००६ च्या दिवाळीशेजारी जाऊन बसते. डिजिटल कॅमेऱ्याची छायाचित्रे आपली तारीख सोबत बाळगतात, पण घड्याळ कधी लावलेच नसेल तर तीही चुकीची. त्या काळी श्रीलिपी, आकृती यांसारख्या अक्षरसंचांत टंकलेल्या मराठी नावांच्या याद्या तो अक्षरसंच नसलेल्या संगणकावर निरर्थक चिन्हांच्या ओळी होऊन उघडतात. पिकासाने २००९ मध्ये चेहरे ओळखून नावे देण्याची सोय आणली. अनेकांनी संध्याकाळी बसून चेहऱ्यांना नावे दिली. ती नावेही बहुधा छायाचित्रात न साठता आज्ञावलीच्या खात्यात साठत, आणि तिच्यासोबतच गेली.

ज्यांनी नावे लिहिली त्यांनीही ती नात्याने लिहिली. 'जिभाऊ', 'नाना', 'आप्पा', 'मोठी माय' ही संबोधने खानदेशात घरोघर आहेत, पण ती बोलणाऱ्यागणिक माणूस बदलतात. एकाची मोठी माय दुसऱ्याची आई असते आणि तिसऱ्याची सासू. लिहिणारा कोण हे माहीत नसेल तर 'जिभाऊ व मोठी माय, शिरपूर' ही नोंद सुंदर आहे, आणि जवळजवळ निरुपयोगी. स्त्रियांच्या बाबतीत अडचण दुहेरी. माहेरचे नाव बहुधा कोठेच नसते.

घरगुती नोंदीने काय साधते याचा दाखला जळगावजवळच आहे. आसोद्यात जन्मलेल्या बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) यांना लिहिता-वाचता येत नव्हते. त्यांची गाणी त्यांचे पुत्र सोपानदेव व आप्त पितांबर चौधरी यांनी वेळोवेळी टिपून ठेवली म्हणून १९५२ मध्ये ती आचार्य अत्रे यांच्या प्रस्तावनेसह ग्रंथरूपाने आली. ज्या विद्यापीठास २०१८ मध्ये त्यांचे नाव देण्यात आले, त्याच्या मुळाशी घरातील एक हस्तलिखित वही आहे. जी गाणी टिपली गेली नाहीत ती नाहीतच. येथेही टिपणाऱ्याचा हात संहितेवर फिरला असेल काय, हा प्रश्न विचारता येतो. विचारता येतो याचे कारण टिपणारे कोण होते हे ज्ञात आहे. पदर डोक्यावरून घेतलेली बहिणाबाईंची प्रतिमा आज पुतळ्यांत व मुखपृष्ठांवर नाना प्रकारे रेखाटली जाते, रंगवली जाते. त्यावर कोणी आक्षेप घेत नाही, कारण हा चेहरा कोणाचा हे सांगणारे नाव त्या प्रतिमेपासून कधी सुटले नाही.

प्रती वाटणे आणि मूळ सांभाळणे

कुटुंबाची वाटणी होते तेव्हा भांडी, दागिने, जमीन यांची होते. छायाचित्रांची होत नाही. ती थोरल्याच्या किंवा गावी राहिलेल्याच्या घरी पडून राहतात. खानदेशातून सुरत, नाशिक, पुणे येथे गेलेल्या कुटुंबांच्या दृष्टीने संगणकाने यात खरोखर न्याय केला. सुरतेच्या कापड व्यवसायात दुसरी पिढी घालवलेल्या अहिराणीभाषक घरात प्रथमच पणजोबांचा चेहरा पोहोचला, तो सीडीवरून, पुढे ऑर्कुटवरून आणि आता मोबाइलवरून. प्रती वाटल्याने मूळ सुरक्षित होते असा विश्वासही त्यासोबत रुजला. तो अर्धाच खरा आहे.

याची शिकवण जळगावहून साठेक किलोमीटरवर असलेल्या अजिंठ्याने एकोणिसाव्या शतकातच दिली होती. रॉबर्ट गिल या लष्करी अधिकाऱ्याची १८४४ मध्ये अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रती करण्यासाठी नेमणूक झाली. वर्षानुवर्षे राबून केलेल्या त्या प्रती लंडनला गेल्या, सिडनहॅमच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये टांगल्या गेल्या आणि १८६६ च्या आगीत त्यांतील बहुतेक नष्ट झाल्या. पुढे मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स व त्यांचे विद्यार्थी यांनी १८७२ पासून पुन्हा प्रती केल्या. त्यांतीलही बऱ्याच १८८५ मध्ये लंडनमध्येच जळाल्या. याहून बोधक गोष्ट वेगळी आहे. प्रत नीट करता यावी, रंग उठून दिसावेत म्हणून मूळ भित्तिचित्रांवर व्हार्निश चढवले गेले, ते पिवळे पडले, आणि निजामाच्या राजवटीत १९२० नंतर इटलीहून तज्ज्ञ बोलावून ते काढण्याचा खटाटोप करावा लागला. प्रत हरवली, मूळ उरले, पण प्रतीच्या हौसेचा डाग मुळावर राहिला. गिल यांनी नंतर कॅमेरा हाती घेतला; अजिंठ्याची त्यांची छायाचित्रे १८६४ मध्ये ग्रंथरूपाने आली. १८७९ मध्ये ते निवर्तले. त्यांची कबर भुसावळला आहे.

आजच्या वाटपात आग लागत नाही, झीज होते. जेपीईजी या १९९२ मध्ये प्रमाणित झालेल्या पद्धतीत चित्राचे आठ बाय आठ बिंदूंचे चौकोन करून डोळ्यांना सहसा न जाणवणारा सूक्ष्म तपशील गाळला जातो. एकदा गाळले तर बिघडत नाही. प्रत्येक दुरुस्तीनंतर पुन्हा साठवताना पुन्हा गाळले जाते. साडेतीन बाय पाच इंचांची प्रत इंचाला ६०० बिंदू या प्रमाणात स्कॅन केली तर सुमारे ६३ लाख बिंदूंचे चित्र होते आणि काहीही न गाळता ते साठवण्यास जवळपास १९ एमबी जागा लागते. सातशे एमबीच्या सीडीवर अशी छत्तीस-सदतीसच मावतात. त्या काळी जागेच्या काटकसरीने अनेकांनी छायाचित्रे लहान करून ठेवली, आणि लहान केलेले पुन्हा मोठे होत नाही. मोबाइलवरील संदेशसेवा आणखी आकुंचन करतात व छायाचित्रासोबतची तारीख-नोंदही काढून टाकतात. संकेतस्थळांवर ठेवलेले अल्बम तर भाड्याच्या घरासारखे ठरले. ऑर्कुट सप्टेंबर २०१४ अखेर बंद झाले. पिकासाचे ऑनलाइन अल्बमही २०१६ मध्ये गेले. गूगलने विनामूल्य अमर्याद साठवण जून २०२१ पासून थांबवली. नोटीस प्रत्येक वेळी आली होती, पण ती इंग्रजीतून, आणि ज्या ई-मेल पत्त्यावर आली तो बहुधा कोणी उघडत नव्हते.

महाविद्यालयांशी या प्रश्नाचा संबंध थेट येतो. इतिहास, मराठी व समाजशास्त्र विभागांतून गाव-इतिहासाचे, लोकजीवनाचे प्रकल्प दिले जातात आणि विद्यार्थी घरची छायाचित्रे जोडतात. ती मोबाइलवर आलेली, कितव्या हातची हे न कळणारी, उजळलेली व कापलेली असतात. प्रकल्पात ती 'दुर्मीळ छायाचित्र' या मथळ्याखाली चिकटवली जातात. परीक्षक पोशाख, दागिने, घराची बांधणी यांविषयीचे त्यावरून काढलेले निष्कर्ष मान्य करतो. पागोट्याचा रंग नातवाने भरलेला आहे काय, हे विचारले जात नाही. पोथीची छायाप्रत आणली असती तर मूळ कोठे आहे हे पहिल्याच भेटीत विचारले गेले असते. धुळ्याच्या समर्थ वाग्देवता मंदिरात बाडे पाहावयास जाणारा विद्यार्थी बाडाचा क्रमांक टिपून आणतो, हे त्याला शिकवावे लागत नाही.

छायाचित्राबाबत विचारावयाचे ते थोडेच आहे. मूळ मुद्रित प्रत कोणाच्या घरी आहे. समोरची व मागची दोन्ही बाजू, कडांसह, न कापता स्कॅन केली आहे काय. दिसणाऱ्या व्यक्तींची पूर्ण नावे, स्त्रियांच्या माहेरच्या नावांसह, कोणी सांगितली व कोणत्या वर्षी. आणि सोबत जोडलेली सुधारित प्रत असल्यास तिच्यात काय बदलले. वहीच्या एका ओळीत मावेल एवढी ही नोंद आहे. मागची बाजू बहुतेक वेळा कोरी निघेल. कधी स्टुडिओचा जांभळा रबरी शिक्का, ऑर्डरचा क्रमांक आणि शिसपेन्सिलीने लिहिलेला एखादा शब्द मिळेल, जो त्या घरातील एखादीच म्हातारी वाचू शकेल; तिच्याकडे ती प्रत घेऊन या सत्रातच जावे लागेल.